ज्युनिपरचं रूप बदललं की दरवेळी एखादी फांदी का वाळते?

दिवाळीनंतर ज्युनिपर बोन्सायचं वायरिंग केलं, म्हणजे फांद्या वाकवून आकार देण्यासाठी त्यांच्यावर तार गुंडाळली. संक्रांतीला झाड हिरवंगार होतं. होळीच्या सुमारास डावीकडची खालची फांदी जरा फिकी वाटायला लागली आणि पाडव्यापर्यंत ती पूर्ण तपकिरी झाली. पाणी वेळेवर होतं, कुंडीची जागा बदलली नव्हती, मग अचानक झालं काय?

ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचं बोन्साय ठेवणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत ऐकू येतो. कुणाची खालची फांदी जाते, कुणाचा शेंडा, कुणाची नेमकी तीच फांदी जिच्याभोवती सगळा आराखडा उभा केला होता. आणि हे एकदाच होऊन थांबत नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काम होतं, पुन्हा एक फांदी जाते. चांगल्या खोडाचं, भरपूर फांद्यांचं झाड काही वर्षांत दोन-तीन झुबक्यांवर येऊन ठेपतं. हे थांबवता येतं. त्यासाठी कारण शोधण्याची दिशा बदलावी लागते.

मुळात अचानक काहीच झालेलं नसतं. पाडव्याला तपकिरी दिसणारी फांदी बहुधा डिसेंबर-जानेवारीतच मेलेली असते. ज्युनिपरची पानं खवल्यांसारखी बारीक आणि मेणचट असतात, त्यांच्यातलं पाणी फार सावकाश उडतं, त्यामुळे फांदी मेली तरी तिचा हिरवा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. थंडीच्या दिवसांत तर आणखी जास्त. जास्वंदीची फांदी मोडली की संध्याकाळपर्यंत पानं मान टाकतात आणि आपल्याला कळतं. ज्युनिपरमध्ये ही सूचना मिळत नाही. मग तपकिरी रंग दिसल्यावर आपण गेल्या आठवड्याचा हिशेब मांडतो: ऊन वाढलं होतं, दोन दिवस गावाला गेलो होतो, शेजाऱ्यांनी पाणी घातलं होतं. त्यावरून पाणी वाढवतो, एखादं औषध फवारतो, थोडं खत घालतो. खरं कारण मात्र काही महिने मागे, कामाच्या दिवशीच पडून असतं. ते हाती लागत नाही म्हणून पुढच्या वर्षी तेच घडतं.

यासाठी एक साधी युक्ती आहे. छाटणीच्या दिवशी कापलेल्या फांद्यांपैकी एक हिरवीगार डहाळी फेकू नका. ती झाडाच्या शेजारी सावलीत ठेवा आणि तारीख लिहून ठेवा. ती डहाळी किती दिवसांनी फिकी पडते, किती दिवसांनी तपकिरी होते हे तुमच्या गच्चीचं, तुमच्या हवेचं घड्याळ झालं. झाडावरच्या मरत्या फांदीला थोडाफार ओलावा मिळत राहतो, त्यामुळे तिला याहूनही जास्त वेळ लागतो. पुढे कधी फांदी तपकिरी झाली तर या घड्याळाने मागे मोजा. त्या सुमारास झाडावर काय काम केलं होतं, तिथून शोध सुरू करा.

तपकिरी नेमकं कुठे आहे?

झाड लांबून बघू नका, जवळ घ्या. तपकिरी भागाची जागा आणि आकार यावरून निम्मं निदान होतं. एकच फांदी पूर्ण गेली आहे, की सगळ्या फांद्यांची टोकं, की फक्त आतला भाग, की सगळं झाडच निस्तेज झालं आहे? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. त्यांच्यावर एकच उपाय करण्यातून बरंचसं नुकसान होतं.

एकच फांदी, बुंध्यापासून टोकापर्यंत

बाकीचं झाड ठणठणीत आणि एकच फांदी पूर्ण वाळली असेल तर ऊन, पाणी, बुरशी, कीड हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. त्या फांदीचा पुरवठा तुटला आहे, आणि तो तीन ठिकाणी तुटू शकतो: फांदीच्या बेचक्यात, खोडावर किंवा मुळांत.

हे समजायला ज्युनिपरची घडण माहीत हवी. वड-पिंपळात एका बाजूचं मूळ कापलं तर बाकीची मुळं सगळ्या झाडाला बऱ्यापैकी वाटून पाणी देतात. ज्युनिपरमध्ये पाण्याचे मार्ग बरेचसे वेगवेगळे चालतात. विशिष्ट मुळांपासून खोडाच्या विशिष्ट पट्ट्यातून विशिष्ट फांद्यांपर्यंत. जुन्या झाडांत हा पट्टा उंचवट्यासारखा स्पष्ट दिसतो, बोन्सायवाले त्याला लाइव्ह व्हेन म्हणतात. मी त्याला जिवंत शीर म्हणेन. जपानमध्ये नीगाता प्रांतातल्या इतोइगावा भागातल्या कड्यांवरून शिंपाकु जातीचे जे प्रसिद्ध ज्युनिपर गोळा केले गेले, त्यांच्या खोडाचा मोठा भाग वाऱ्याने, बर्फाने आणि कोसळत्या दगडांनी मेलेला होता आणि एखाद्या अरुंद शिरेवर उरलेलं झाड जगत होतं. एक भाग गेला तरी दुसरा तगतो, कारण दोघांचे मार्ग वेगळे. कड्यावर जे त्या झाडाला तारतं, तेच कुंडीत आपल्याला एकेक फांदी गमावायला लावतं.

आता बेचकं. भिंगातून बघा. फांदी खाली वाकवली असेल तर वरच्या बाजूची साल ताणली जाते. तिथे उभी चीर असेल, म्हणजे फांदीच्या लांबीच्या दिशेने, तर ती सहसा भरून येते. आडवी फाटली असेल आणि ती फांदीच्या निम्म्या घेराच्या पुढे गेली असेल तर वाळण्याचं कारण तिथेच सापडलं. दुसरा गुन्हेगार म्हणजे पीळ. फांदी वाकवताना ती हातात फिरली की सालीखालचा जिवंत थर लाकडापासून सुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, साल अखंड असते, आणि फांदी मरते. तिसरं, तार स्वतः. बेचक्यात दोन तारा एकमेकींवरून गेल्या असतील तर त्या जागी साल चेपते. बारीक फांदीवर जाड तार ओढून बसवली तरी तेच.

यावरचे उपाय नवे नाहीत, पण ते सगळे एकत्र पाळले जात नाहीत. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश असावी, वेढे साधारण ४५ अंशांत, फांदीला टेकलेले पण न आवळलेले. एक तार पुरत नसेल तर तिच्या शेजारून दुसरी लावा, तिच्यावरून नको. अंगठ्याएवढी फांदी वाकवायची असेल तर आधी भिजवलेला राफिया (ताडवर्गीय झाडाच्या पानांचे तंतू) घट्ट गुंडाळा. राफिया मिळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चालतात. त्या बोटाखाली खेचून बसतात आणि साल धरून ठेवतात. कामाच्या आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या. पाण्याने टरारलेली फांदी कडक असते आणि लवकर तडकते. वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला तारेचा वेढा येईल असं बघा. पीळ द्यावाच लागला तर तार ज्या दिशेने गुंडाळली आहे त्याच दिशेने द्या, म्हणजे ती घट्ट होत जाते आणि आधार देते.

आणि तडकल्याचा आवाज आला तर? तिथेच थांबा. फांदी आहे त्या जागी धरून ठेवा, तार किंवा दोरीने तशीच बांधा, चिरेवर कट पेस्ट (जखम झाकणारा लेप) लावा. घाबरून ती परत सरळ करू नका, त्याने जखम दुसऱ्यांदा उघडते. उरलेला वाक पुढच्या वर्षी द्या. एका बैठकीत पूर्ण वाकवलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही. दर काही आठवड्यांनी फांदी खाली ओढून धरणारी तार थोडी आवळत नेली तरी फांदी खाली येते, आणि ज्युनिपरच्या बाबतीत मला ही सावकाश पद्धत जास्त विश्वासाची वाटते.

बेचक्यात काहीच सापडलं नाही तर खोडाकडे या. खोडावर शारी केली आहे का, म्हणजे साल सोलून पांढरं लाकूड उघडं केलं आहे का? मेलेल्या फांदीच्या तळापासून खाली बोट फिरवत या. मध्येच सोललेला भाग लागला तर शीर तिथे कापली गेली. नर्सरीतल्या तरुण झाडात शीर वेगळी दिसत नाही, सगळीकडे साल सारखीच असते, म्हणून ही गफलत फार होते. शारी करण्याआधी जुन्या टूथब्रशने वरची सुटी साल हलकेच काढा. जिवंत भाग किंचित फुगीर आणि तांबूस दिसतो, कमकुवत भाग सपाट किंवा खोल. तंतूंची दिशा कळत नसेल तर एखाद्या नको असलेल्या फांदीची साल काढून लाकडाची चिंधी ओढून बघा, ती ज्या दिशेने फाटेल तीच तिथली दिशा. बहुतेक ज्युनिपरमध्ये तंतू खोडाभोवती वळत जातात. सरळ उभी पट्टी सोलली की तिरप्या जाणाऱ्या दोन-तीन शिरा एकदम तुटतात. खडूने आधी आखा. जी फांदी ठेवायची तिच्यापासून मुळापर्यंतची वाट आखून झाली की मग उरलेल्यात एक अरुंद पट्टी सोला आणि थांबा. रुंदी दरवर्षी थोडी वाढवता येते. कमी मात्र करता येत नाही.

तिसरी जागा मुळं. त्या फांदीच्या खालच्या बाजूची जाड मुळं शेवटची कधी कापली? कुंडी बदलताना बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये बसत नाही म्हणून एखादं जाड मूळ उडवलं जातं आणि त्याच हंगामात त्याच बाजूच्या फांदीला वाक दिला जातो. दोन्ही टोकांनी पुरवठा कमी. अशी फांदी वाचली तर नवल. नर्सरीच्या झाडाची माती बदलताना एका वर्षी फक्त अर्धा गोळा मोकळा करावा, उरलेला अर्धा पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, ही पद्धत उत्तम आहे. तिच्यासोबत एवढं पाळा: ज्या बाजूची मुळं मोकळी केली त्या बाजूच्या फांद्यांना त्या वर्षी हात लावायचा नाही. कुंडीच्या कडेवर रंगाने एक खूण करून ठेवली तर वर्षभरानंतरही कळतं.

लाल मातीचा गोळा

आपल्याकडे याचं स्वतंत्र प्रकरण करावं लागतं. महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत मिळणारं ज्युनिपर बहुधा काळ्या पिशवीत, चिकट लाल मातीत वाढलेलं असतं. ते उचलून सुंदर ट्रेमध्ये ठेवलं जातं, भोवती सिंडर (जळक्या कोळशाची खडी) किंवा विटांची बारीक खडी भरली जाते, आणि मध्ये तो लाल गोळा तसाच राहतो. वरून पाणी घातलं की ते मोकळ्या खडीतून वाहून जातं. ट्रेच्या भोकांतून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि गोळ्याचा गाभा एप्रिलमध्ये विटेसारखा कोरडा. पावसाळ्यात उलट होतं. एकदा भिजलेला गाभा आठवडे-आठवडे सुकत नाही आणि आतली मुळं गुदमरून कुजतात. अशा झाडाच्या फांद्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्याच्या शेवटी जातात, आणि दोष वायरिंगला दिला जातो.

तपासायला एक बांबूची काडी पुरते. ती खोडाजवळ, गोळ्याच्या मध्यात खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि काढून बघा. कडेला दुसरी काडी खुपसा. दोघींच्या ओलाव्यात मोठा फरक असेल तर दुखणं मातीत आहे. लगेच कुंडी बदलू नका. गोळ्यात काडीने सात-आठ उभी भोकं पाडा, त्यांत बारीक खडी भरा, आणि उन्हाळ्यात अधूनमधून अख्खी कुंडी पाण्याच्या टबमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. थंडी संपता संपता मग अर्धा गोळा मोकळा करा. मिश्रणासाठी ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे चाळून घ्या आणि धूळ धुऊन टाका. अकादामा (जपानी दाणेदार माती) आणि प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडी) आयात करून आणलं तर उत्तमच, पण ते नसल्यामुळे ज्युनिपर मरत नाही. न चाळलेल्या मातीमुळे मात्र मरतं.

फक्त आतला भाग तपकिरी

फांदीच्या आतल्या बाजूची, खोडाजवळची जुनी पानं वाळणं काही प्रमाणात नैसर्गिक आहे. बाहेरची वाढ दाट झाली की आत ऊन पोचत नाही आणि झाड ती पानं सोडून देतं. पण हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण ज्युनिपरमध्ये पानं नसलेल्या जुन्या लाकडातून नवी फूट येईल असा भरवसा धरता येत नाही. आतली हिरवी डहाळी गेली की ती जागा कायमची उघडी. पुढे फांदी आखूड करायची म्हटली तर मागे हिरवं काही उरलेलं नसतं. म्हणून बाहेरची दाटी वेळच्या वेळी विरळ करा, खाली लोंबणारे कोंब काढा, आतल्या नाजूक डहाळ्या मात्र जपा. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. फांदी स्वच्छ दिसावी म्हणून आतलं सगळं खरवडून काढतात आणि टोकाला झुपका ठेवतात. त्या दिवशी झाड नीटनेटकं दिसतं. पण त्याच कामाने पुढच्या वर्षांचे पर्याय संपतात.

आतला भाग वाळण्यासोबत पानांवर राखाडी, धुळकट छटा असेल तर कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे का बघा. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके सरकायला लागले आणि बोटाने चोळल्यावर रेघ उमटली तर लाल कोळी. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत तो झपाट्याने वाढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून-वरून धुणं, दर तीन-चार दिवसांनी, हा पहिला उपाय, आणि तो मनापासून केला तर अनेकदा तेवढाच पुरतो. पुढे जायचंच असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक, तेच जे द्राक्षवाले भुरीसाठी वापरतात. लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असताना अजिबात नाही. कडक उन्हात गंधकाने पानं भाजतात. निंबोळी तेल वापरत असाल तर त्याच्यात आणि गंधकात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. निळसर छटेच्या ज्युनिपरवर तेलाने ती छटा जाते, हेही लक्षात असू द्या. घरातली सर्वसाधारण कीटकनाशकं कोळ्यावर फवारू नका. त्यांतली बरीच कोळी खाणाऱ्या उपयोगी किड्यांना मारतात आणि कोळी उलट वाढतो.

सगळीकडची टोकं तपकिरी

यात दोन कारणं एकसारखी दिसतात. पहिलं नखांनी खुडणं. ज्युनिपरची कोवळी टोकं बोटांनी खुडत राहावी असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, आणि अजूनही शिकवलं जातं. खुडल्याने पानं मधूनच तुटतात, तुटलेली कड तपकिरी होते, एवढंच नाही तर झाडाचा जोम त्या वाढत्या टोकांतच असतो. सगळीकडची टोकं सतत काढत राहिलं की झाड दर हंगामाला थोडं थोडं खंगत जातं आणि पुढच्या मोठ्या कामात एखादी फांदी टाकून देतं. म्हणजे खुडण्याचा आणि फांदी वाळण्याचा थेट संबंध आहे, फक्त मधे एक-दोन वर्षं जातात. आकाराच्या बाहेर पळालेला कोंब वाढू द्या, आणि मग टोकदार कात्रीने तो मागे, जिथे देठ लाकडी होतो आणि बाजूला दुसरी डहाळी आहे, तिथे कापा. पानांमधून कात्री चालवू नका. एका वेळी सगळे कोंबही काढू नका.

दुसरं कारण बुरशी. आषाढ-श्रावणात सलग ओल राहिली की कोवळ्या टोकांवर फोमॉप्सिस येते. आधी टोक फिकट हिरवं, मग लालसर तपकिरी, मग राखेसारखं. मेलेला आणि जिवंत भाग जिथे मिळतात तिथे भिंगाने पाहिलं तर बारीक काळे ठिपके दिसतात. खुडल्याने झालेल्या तपकिरीत ते नसतात, हीच ओळख. अशी टोकं कोरड्या दिवशी निरोगी भागापर्यंत कापून जाळा, दर कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि पावसात झाड प्लॅस्टिकच्या छपराखाली पण वारा खेळता राहील असं ठेवा. तांब्याचं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात दिलं तर नवी टोकं वाचतात. गेलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, त्यामुळे औषध लागू पडलं की नाही ते नव्या फुटीवरून ठरवा.

सगळं झाड निस्तेज

चकाकी गेली, रंग करडा वाटतो, पानं हातात घेतल्यावर कुरकुरीत लागतात. हे मुळांचं दुखणं आहे आणि बऱ्याचदा ते कामानंतरच्या अति काळजीतून येतं. तिसरा हिस्सा पानं काढली की झाडाची तहानही त्या प्रमाणात कमी होते. आपण मात्र झाड आजारी आहे या भावनेने पूर्वीइतकंच किंवा जास्त पाणी घालतो. माती सुकेना, मुळांना हवा मिळेना. कामानंतर पाणी घड्याळावर घालू नका, काडी बघून घाला. पानांवर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारायला हरकत नाही, उलट त्याचा उपयोगच होतो. खत नवी फूट हलल्याशिवाय नको, साधारण महिना-दीड महिना.

आणखी एक प्रकार सरळ सांगून टाकावा: दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी ठेवलेलं ज्युनिपर. त्याला बाहेरचं ऊन आणि वारा हवाच असतो. खिडकीच्या आत ते हळूहळू मरतं आणि हिरवं दिसत राहतं. त्यावर दुसरा उपाय नाही.

कोणतं काम कधी

वरची सगळी कारणं वेगवेगळी असली तरी फांदी खरोखर जाते ती बहुधा दोन-तीन मोठी कामं एकाच हंगामात आल्यामुळे. छाटणी, वायरिंग, मोठा वाक, शारी आणि कुंडी बदलणं, हे सगळं एका रविवारी. कार्यक्रमांतली प्रात्यक्षिकं बघून ही घाई वाढते. जपानचे नामांकित बोन्साय-कलाकार मासाहिको किमुरांनी शिंपाकुंची जी थक्क करणारी रूपांतरं केली, त्यांची आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी-शेजारी छापलेली असतात. दोन छायाचित्रांच्या मधे आणि त्यांच्या आधी झाडाच्या जोपासनेत गेलेला काळ त्यात दिसत नाही.

एका वर्षात एकच मोठं काम करा. कुंडी बदलली त्या वर्षी पानांना आणि फांद्यांना फक्त किरकोळ हात लावा. रूप बदलायचं त्या वर्षी मुळं जशीच्या तशी. आणि कोणतंही मोठं काम करण्याआधीचा पूर्ण हंगाम झाडाला खाऊ-पिऊ द्या. मोहरीची किंवा निंबोळी पेंड, भरपूर ऊन, एकही टोक न खुडता. झाड तयार आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. फिकट हिरवे, लांब कोंब सगळ्या बाजूंनी आकाराच्या बाहेर पळत असतील तर ते काम सोसेल. कोंब पळत नसतील तर तारेचं बंडल परत कपाटात ठेवा, मग दिवाळीची सुट्टी लागलेली असो.

पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात रूप बदलण्याचं मोठं काम मध्य नोव्हेंबर ते जानेवारी, कुंडी बदलणं जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, असं जमतं. ऑक्टोबर हीटमध्ये नको, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. कामानंतर सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली, आणि गच्चीवरच्या वाऱ्यापासून आडोसा. वारा हा दुर्लक्षित शत्रू आहे, कारण ताज्या चिरांमधून तो ओल खेचून नेतो. मुंबई आणि कोकणात रात्रीही ऊब राहते, झाडाला खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून तिथे कामाचे तुकडे आणखी लहान करा. एका हिवाळ्यात तीन-चार फांद्या, बस्स. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी शरद ऋतूत मोठा वाक दिला असेल तर ते झाड कडाक्याच्या गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर ठेवू नये. वाकवलेल्या फांदीतल्या चिरा तेव्हा भरलेल्या नसतात.

तार कधी काढायची हाही इथलाच प्रश्न. ज्युनिपरची फांदी नव्या जागी बसायला सावकाश बसते, काही वेळा वर्षाहून जास्त लागतं. पण आपल्याकडे ती पावसाळ्यात फुगते आणि तार सालीत रुतते. जूनपासून दर पंधरा दिवसांनी बेचक्याजवळचे वेढे बघा. रुतायला लागलेली तार कटरने तुकडे करून काढा, उलटी सोडवत बसू नका. फांदी परत वर आली तर नवी तार नव्या जागेवरून लावा.

छाटणीनंतर खवल्यांच्या जागी अचानक सुयांसारखी टोचरी पानं आली तर घाबरू नका, हे वाळण्याचं लक्षण नाही. चिनी ज्युनिपरच्या जाती जास्त छाटल्या की अशी पोरवयातली पानं काढतात. त्यांना खुडून काढलं तर आणखी येतात. ती वाढू द्यावी, खवल्यांची पानं टोकांवर परत दिसायला लागली की मग मागची सुईपानं थोडी थोडी कमी करावी. यात एक-दोन वर्षं सहज जातात. प्रोकम्बेन्स नाना या जातीला मात्र कायमच सुईपानं असतात, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

फांदी गेलीच आहे असं वाटलं तर

लगेच कापू नका. आधी बेचक्याजवळ नखाने साल किंचित खरवडून बघा. ओलसर हिरवं दिसलं तर वाट बघा. पण या चाचणीवर एकदाच विसंबू नका, नुकत्याच मेलेल्या फांदीतही काही आठवडे हिरवट ओल राहते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, दुसऱ्या जागी खरवडा. तपकिरी आणि कोरडं लागलं म्हणजे निकाल लागला. टोकाकडची एखादी डहाळी जिवंत असेल तर तेवढी शीर जिवंत आहे. अशा वेळी मेलेला भागच काढा आणि त्या डहाळीवरून फांदी नव्याने बांधा.

पूर्ण गेलेली फांदी बुंध्याशी कापून टाकण्याची घाई का करावी? तिचं जिन करता येतं, म्हणजे साल सोलून मेलेलं पांढरं लाकूड शोभेसाठी झाडावर ठेवता येतं. ती जशी आहे त्या लांबीची वर्षभर ठेवा, कारण तिच्या जागी आराखडा कसा बदलेल हे लगेच सुचत नाही. शेजारची फांदी त्या मोकळ्या जागेत आणता येते का, झाडाची समोरची बाजू थोडी फिरवली तर काय दिसतं, शेंडा त्या दिशेला झुकवता येतो का, हे सावकाश पाहा. मग लांबी ठरवा, साल सोला, पक्कडीने टोकाचे तंतू ओढून काढा म्हणजे कात्रीचा सपाट काप राहत नाही. बेचक्याशी साल सोलताना खोडाच्या शिरेपर्यंत जाऊ नका, एक छोटा कठडा सोडा. लाकूड पूर्ण सुकलं की पावसाळ्याआधी कोरड्या हवेत चुना-गंधकाचं द्रावण ब्रशने लावा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत लावा कारण वास सडक्या अंड्यासारखा येतो, आणि माती प्लॅस्टिकने झाका म्हणजे थेंब मुळांवर पडत नाहीत. लावताना ते नारिंगी-पिवळं दिसतं, काही दिवसांत पांढरं होतं. आपल्या पावसात दरवर्षी, मे महिन्यात, हा हात पुन्हा द्यावा लागतो. बेचक्यात पाणी साचणारा खड्डा राहिला असेल तर तो कोरून उतार द्या, नाहीतर कूज तिथून खोडात उतरते.